हार्नेसची तपासणी, निगा आणि बदली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, संकेश्वर-चिकोडी-निपाणी पट्ट्यातले साखर कारखाने, खानापूर भागात पावसाआधी पत्रे बदलायला चढणारे शेडवाले, या सगळ्यांकडून हार्नेसबद्दल, म्हणजे उंचीवरून पडलं तर माणसाला धरून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांबद्दल, तेच ते प्रश्न येतात. ते इथं एकत्र केले आहेत. तुमच्या हार्नेससोबत आलेली पुस्तिका याहून कडक काही सांगत असेल तर पुस्तिकेचं ऐका.

आमच्याकडं कमरेच्या पट्ट्यालाही बेल्ट म्हणतात आणि हार्नेसलाही बेल्टच. फरक काय?

म्हणायला हरकत नाही, वापरायला आहे. नुसत्या कमरेच्या पट्ट्यानं पडणारा माणूस अडवला तर सगळा झटका पोटावर, बरगड्यांवर आणि मणक्यावर येतो. माणूस कमरेत दुमडतो, कधी पट्ट्यातून निसटूनही जातो. अमेरिकेत पडणं अडवण्यासाठी असा पट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पूर्ण अंगाचा हार्नेस झटका मांड्या, कुल्ले, छाती आणि खांदे यांत वाटून देतो आणि पाठीवरच्या डी-रिंगमुळं (दोरी अडकवायची डी आकाराची धातूची कडी) माणूस बराचसा उभा लटकतो. कपाटात जुने कमरेचे पट्टे उरले असतील तर ते हार्नेसच्या शेजारी टांगू नका. घाईत हात त्यांच्याकडंच जातो, कारण ते घालायला सोपे.

चढण्याआधी रोज काय बघायचं? त्यात किती वेळ जातो?

सवय झाली की दोन-तीन मिनिटं. हार्नेस पाठीच्या डी-रिंगला धरून उचला, झटका द्या, पट्टे मोकळे होऊ द्या. मग दरवेळी एकाच क्रमानं बघा, म्हणजे काही सुटत नाही.

आधी लेबल. नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि मानक वाचता आलं पाहिजे. लेबल गेलेला हार्नेस कितीही नवा दिसला तरी त्याचं वय कळत नाही, म्हणून तो बाजूला.

मग पट्टा. डोळ्यांनी नुसतं वरून बघून भागत नाही. दोन्ही हातांत वीतभर अंतर ठेवून पट्टा धरा आणि उलट्या यू सारखा वाकवा. वाकवल्यावर वरच्या बाजूचे धागे ताणले जातात आणि तुटलेला धागा उभा राहतो. असं वीत-वीत पुढं सरकत पूर्ण पट्टा, दोन्ही बाजू, दोन्ही काठ. बक्कलच्या आत जाणारा भाग आणि डी-रिंगच्या मागं लपलेला भाग सरकवून बघायचा. झीज तिथंच असते आणि तिथंच कुणी बघत नाही.

शिलाई. भार घेणारी शिलाई बहुतेक वेळा पट्ट्याहून वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातलेली असते, ती मुद्दाम, तुटलेला टाका पटकन दिसावा म्हणून. बऱ्याच हार्नेसमध्ये पाठीच्या किंवा छातीच्या जवळ पट्टा दुमडून शिवलेली एक घडी असते. झटका बसला की ती उसवते. घडी उसवलेली असेल तर तो हार्नेस कुणाला तरी घेऊन पडलेला आहे, कुणी कबूल करो वा न करो.

लोखंड. डी-रिंग वाकडी, खरवडलेली, तडा गेलेली नको. बक्कल लावून ओढून बघा. हुकाचं तोंड सोडलं की आपोआप पूर्ण मिटलं पाहिजे आणि दोन हालचाली केल्याशिवाय उघडता कामा नये. बोटानं ढकलून मिटवावा लागणारा हूक बाद. तेल घालून ‘चालू’ केलेला हूक धुळीत चार दिवसांत पुन्हा अडकतो.

शेवटी हार्नेसला हुकाशी जोडणारी दोरी आणि तिच्यावरचा झटका शोषणारा शॉक ॲब्झॉर्बर. ॲब्झॉर्बरचं वेष्टन फाटलेलं असेल किंवा आतला घडीचा पट्टा बाहेर डोकावत असेल तर दोरी बदला. काही जण वेष्टन फाटलं की वरून चिकटपट्टी गुंडाळतात. ती दिसली की आधी ती काढा आणि आत काय लपवलंय ते बघा.

पट्ट्याला छोटासा काप आहे. किती मोठा असला तर बाद धरायचा?

मोजपट्टी शोधू नका. काप म्हणजे बाद. त्यातही काठावरचा काप जास्त वाईट, कारण झटका बसला की फाटणं तिथूनच सुरू होतं आणि आडवं धावतं. एक मिलिमीटरचा काठावरचा कापही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वरवरची लव सुटलेली असणं वेगळं. वापरानं थोडी लव येते आणि सगळीकडं सारखी असते. एकाच जागी लव जास्त असेल तर तिथं पट्टा कशाला तरी घासतोय, ते कारण शोधा. हाताला एखादा भाग कडक, चकचकीत किंवा काचेसारखा लागला तर तो उष्णतेनं वितळलेला आहे. तोही बाद.

रोज बघतो म्हटल्यावर वेगळी तपासणी कशाला? आणि ती कुणी करायची?

रोज बघणारा माणूस त्याच हार्नेसला सरावलेला असतो, शिवाय त्याला काम सुरू करायची घाई असते. म्हणून ठराविक काळानं दुसऱ्या माणसानं, उजेडात, टेबलावर पसरून तपासणी करायची आणि लिहून ठेवायची. उत्पादक साधारणपणे बारा महिन्यांतून एकदा ही किमान मर्यादा सांगतात. ब्रिटनच्या एचएसई या सुरक्षा संस्थेचं मार्गदर्शन निदान सहा महिन्यांचं आहे आणि खडतर कामासाठी तीन महिन्यांचं. फाउंड्री, फॅब्रिकेशन, पत्र्याचं काम आणि साखर कारखान्याचा ऑफ सीझन हे सगळं आम्ही तीन महिन्यांत धरतो.

तपासणारा माणूस त्या उत्पादनाचं प्रशिक्षण घेतलेला असावा आणि त्याची नेमणूक लेखी असावी. क्रेन, चेन ब्लॉक, प्रेशर व्हेसल तपासायला कारखाने खात्याची मान्यता असलेला ‘कॉम्पिटंट पर्सन’ येतो, तो विषय वेगळा. इथं महत्त्वाचं हे की त्या माणसाला ‘बाद’ म्हणायचा अधिकार हवा. बाद केल्यावर स्टोअरकीपर, मग सुपरवायझर, मग मालक अशा सह्या घ्याव्या लागत असतील तर तो पुढच्या वेळी कानाडोळा करणार.

आमच्याकडं दहा हार्नेस आहेत, माणसं पंचवीस. रजिस्टर कसं ठेवायचं?

खरा घोळ इथंच आहे. सामाईक विहिरीचा गाळ कुणी काढत नाही, तसा ढिगातला हार्नेस कुणी तपासत नाही. सकाळी जो हाताला लागेल तो घालायचा, संध्याकाळी कोपऱ्यात फेकायचा. अशा ठिकाणी रजिस्टर भरलेलं असतं, पण त्यातल्या ‘ठीक’ या शब्दाचा कुठल्या हार्नेसशी संबंध आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी नंबर. लेबलावरचा उत्पादकाचा नंबर हा त्याचा कायमचा नंबर. सोयीसाठी लहान नंबर द्यायचा तर धातूचा किंवा प्लॅस्टिकचा टॅग डी-रिंगला लावा. पट्ट्यावर मार्कर किंवा ऑइल पेंटनं लिहू नका, त्यातलं सॉल्व्हंट धाग्याला बाधतं आणि रंगाखाली काप दिसत नाही. मग प्रत्येक हार्नेस एका माणसाच्या नावावर करा. सगळ्यांना पुरत नसतील तर जे रोज वर चढतात त्यांना आधी. ठेकेदाराच्या माणसांसाठी वेगळे ठेवा आणि देताना-घेताना सही घ्या. नावावर असलेला हार्नेस माणूस स्वतःच्या मापाला लावून ठेवतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही, आणि काही बिघडलं तर स्वतःहून सांगतो. तपासणीची अर्धी लढाई इथं जिंकली जाते, यादी छापून नव्हे.

रजिस्टरात एवढं पुरे : नंबर, उत्पादनाचा महिना, पहिल्यांदा वापरल्याची तारीख, कुणाच्या नावावर, तपासणीची तारीख, काय आढळलं, चालू की बाद, सही. ‘काय आढळलं’ या रकान्यात वर्षभर ‘ओके’ शिवाय काहीच नसेल तर हार्नेस तपासले जात नाहीत, रजिस्टर तपासलं जातंय.

रजिस्टर कुठल्या भाषेत?

खात्याला दाखवायची कागदपत्रं कन्नड किंवा इंग्रजीत असतात, ती तशीच ठेवा. पण हार्नेसच्या खुंटीशेजारी लावायचा तक्ता तिथं चढणाऱ्यांना वाचता येईल त्या भाषेत हवा. आपल्याकडं एकाच शिफ्टला मराठी, कन्नड आणि उत्तरेकडून आलेले हिंदी बोलणारे असतात. फोटो लावले की भाषेचा प्रश्न निम्मा सुटतो : चांगला पट्टा, कापलेला पट्टा, वितळलेला पट्टा, उसवलेली घडी. तुमच्याच शॉपमधल्या बाद हार्नेसचे फोटो असतील तर सगळ्यात उत्तम.

फाउंड्रीत हार्नेस लवकर का खराब होतो?

तीन कारणं. एक, ठिणग्या आणि उडणारा रस. बहुतेक पट्टे पॉलिस्टरचे असतात आणि पॉलिस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतं. नायलॉनचा एक प्रकार तर २२० च्या आसपासच. ओतायचं लोखंड १,३०० अंशांच्या वर असतं. ठिणगीनं पडलेलं टाचणीएवढं भोकही आतून जास्त जळलेलं असू शकतं. दोन, वाळू. मोल्डिंगची बारीक सिलिका पट्ट्याच्या विणीत शिरते आणि प्रत्येक हालचालीला आतून धागे कापत राहते. वरून पट्टा धड दिसतो, वाकवला की करकर जाणवते. तीन, तेल आणि ग्रीस, विशेषतः क्रेनवर काम करणाऱ्यांच्या हार्नेसला. तेलानं धागा लगेच तुटत नाही, पण वाळू धरून ठेवतो.

वेल्डर आणि गॅस कटरवाल्यांसाठी अरामिड धाग्याचे हार्नेस मिळतात. अरामिड वितळत नाही, ठिणगीला बरंच टिकतं. महाग असतात, आणि उन्हाला कच्चे असतात हेही लक्षात ठेवा. उघड्यावर पत्रे मारायला ते नेऊ नयेत.

साखर कारखान्यात काय वेगळं सांभाळायचं?

रसायनं. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतला थर काढायला कॉस्टिक सोडा उकळवतात, रस निवळायला चुना घालतात. पॉलिस्टर ॲसिडला बऱ्यापैकी टिकतं पण तीव्र अल्कलीला, त्यातून गरम कॉस्टिकला, टिकत नाही. नायलॉनचं उलटं, त्याला ॲसिड खातं. बॅटरी रूममध्ये किंवा ॲसिडच्या टाकीवर नायलॉन, आणि कॉस्टिकच्या बाजूला पॉलिस्टर, असं उलटं वाटप झालेलं असतं. धागा कुठला ते लेबलावर किंवा पुस्तिकेत असतं. ओला सिमेंटही अल्कलीच, बांधकामवाल्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. रसायन सांडलं असेल तर भरपूर पाण्यानं धुवा आणि हार्नेस चालू कामातून काढा. रंग उडालेला, पावडर झडणारा किंवा ठिसूळ झालेला पट्टा परत वापरायचा नाही.

दुसरी गोष्ट ऑफ सीझनची. गाळप चालू असताना हार्नेस महिनोन्‌महिने स्टोअरमध्ये पडून असतात आणि बंद झाल्याबरोबर चिमणी, कॅरियर, बॉयलरवर एकदम सगळे बाहेर येतात. त्या पहिल्या दिवशीच सविस्तर तपासणी ठेवा. पडून राहिलेला हार्नेस नवा राहतो असं नाही. मळीचा चिकटा लागलेला हार्नेस तसाच ठेवला तर मुंग्या आणि उंदीर त्याचं काय करतात ते स्टोअरवाल्यांना विचारा.

हार्नेस धुवायचा कसा?

कोमट किंवा गार पाणी, साधा सौम्य साबण, मऊ ब्रश. मग स्वच्छ पाण्यात साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगून वाळवा. ब्लीच नको, रॉकेल-पेट्रोल-थिनर नको, कॉम्प्रेसरची हवा जवळून नको, भट्टीशेजारी वाळवणं तर मुळीच नको. वॉशिंग पावडर बहुधा अल्कलीची असते, म्हणून तीही टाळा. धुऊनही डाग राहिला तर राहू द्या, डागानं हार्नेस बाद होत नाही. तो घालवायला वापरलेल्या औषधानं होतो.

पावसाळ्यात बुरशी धरते. काय करायचं?

जांबोटी-खानापूरकडच्या पावसात हे होणारच. ओला हार्नेस प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा पत्र्याच्या पेटीत बंद करू नका. पागोळ्यांपासून दूर, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून खुंटीवर टांगा. हलकी बुरशी साबणाच्या पाण्यानं जाते. नुसत्या बुरशीनं पॉलिस्टर फारसं खराब होत नाही, पण ती आहे म्हणजे बक्कल आणि हुकाच्या स्प्रिंगला ओल लागली आहे. गंज तिथं शोधा. बोटानं पुसला जाणारा वरवरचा गंज पुसा. खड्डे पडलेला गंज असेल तर बाद.

शिलाई थोडी उसवली आहे. ताडपत्री शिवणाऱ्याकडून नायलॉन दोऱ्यानं शिवून घेतली तर?

नाही.

दोरी तुटली म्हणून दुसऱ्या कंपनीची दोरी लावली तर?

हूक आणि डी-रिंग एकमेकांत नीट बसत असतील, दोरीला शॉक ॲब्झॉर्बर असेल आणि दोन्हींची मानकं व वजनाची मर्यादा जुळत असेल, तर उत्पादकाला विचारून लावता येते. बाजारातली साधी नायलॉन रस्सी गाठ मारून लावता येत नाही. गाठीनं दोरीची ताकद बरीच कमी होते आणि झटका शोषणारं काहीच उरत नाही.

हार्नेस किती वर्षं चालतो? मालक म्हणतात, दहा वर्षं चालतं की.

दहा वर्षं लिहिणारे उत्पादक आहेत, पाच लिहिणारेही आहेत. तुमच्या पुस्तिकेत काय आहे, आणि ते उत्पादनाच्या तारखेपासून की पहिल्या वापरापासून, हे बघा. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे, हमीचा नव्हे. उन्हात पत्र्यावर रोज वापरलेला हार्नेस त्याच्या बराच आधी बाद होतो, कारण अतिनील किरणांनी धागा कमजोर होत जातो आणि रंग उडणं ही त्याची दिसणारी खूण. आठवड्यातून एकदा कपाटातून निघणारा मर्यादेपर्यंत जाऊ शकतो. मुदत संपली की मात्र तो कितीही कोरा दिसला तरी बाद.

माणूस पडला, हार्नेसनं धरला, त्याला काही झालं नाही आणि हार्नेसही ठीक दिसतो. वापरू?

हार्नेस, दोरी, दोन्ही लगेच बाद. ॲब्झॉर्बर एकदाच उघडतो. पट्ट्यातले धागे ताणले गेलेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. ज्या जागेला हूक लावला होता ती बीम, क्लॅम्प किंवा आय-बोल्टही तपासल्याशिवाय परत वापरू नये. हे सगळे विसरतात.

बाद केलेल्याचं काय करायचं?

त्याच दिवशी कापा. खांद्याचे आणि मांड्यांचे पट्टे मधून, दोरी हुकाजवळून, आणि लेबल काढून रजिस्टरला चिकटवा. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेला हार्नेस ठेकेदाराच्या टेम्पोत जातो, तिथून भंगारात, आणि भंगारातून एखाद्या रंगाऱ्याच्या अंगावर. धड दिसणारा पट्टा फेकवत नाही, हे खरं. म्हणूनच कापायचा.

गणपतीच्या मांडवाला, लाइटिंगला पोरं हार्नेस मागतात. द्यायचा का?

न मागता चढण्यापेक्षा मागणं बरंच चांगलं, म्हणून नाही म्हणणं जड जातं. द्यायचा असेल तर बाद होऊ घातलेला नव्हे, चालू असलेला द्या. कसा घालायचा आणि हूक कुठं लावायचा ते दाखवून द्या. नंबर लिहून घ्या आणि परत आल्यावर नव्यानं सविस्तर तपासा. मांडवाच्या बांबूला किंवा बल्लीला हूक लावून उपयोग नाही, ती माणसासकट खाली येते.

शेडची उंची पाच मीटर आहे. हार्नेस असला की झालं ना?

मोजा. दोन मीटरची दोरी, ॲब्झॉर्बर पूर्ण उघडला तर साधारण पावणेदोन मीटर, डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर, वर सुरक्षिततेसाठी एक मीटर. हूक लावलेल्या जागेपासून खाली एकूण सव्वासहा मीटर मोकळे हवेत. म्हणजे पाच मीटरवर हूक पायाशी लावला तर तो माणूस जमिनीला टेकू शकतो. हूक डोक्याच्या वर लावा, दोरी आखूड घ्या किंवा आपोआप गुंडाळणारा ब्लॉक वापरा. असा ब्लॉक असेल तर रोज पट्टा झटक्यानं ओढून तो लॉक होतो का ते बघा आणि आतलं काही स्वतः उघडू नका. हूक शेडच्या मुख्य बीमला किंवा लाइफलाइनला (हूक अडकवायला ताणून बांधलेली मजबूत दोरी) लावायचा, पत्र्याच्या स्क्रूला, पाइपला किंवा केबल ट्रेला नव्हे. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी टाकल्याशिवाय पायच ठेवू नये, हार्नेस असला तरी.

नवा घेताना काय बघायचं?

आयएसआय खूण आणि आयएस ३५२१ हे मानक. लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, दुकानातच, पैसे देण्याआधी. बाहेरून आलेल्यावर ईएन ३६१ असतं. उत्पादनाची तारीख बघा, दुकानात दोन वर्षं पडलेला हार्नेस स्वस्त मिळतो तो त्याचमुळं. वजनाची मर्यादा बघताना माणसाचं वजन आणि त्याच्या कमरेची हत्यारं दोन्ही धरा. माप घालून बघा : मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये, आणि पाठीची डी-रिंग दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध यावी.

पडलेला माणूस हार्नेसमध्ये लटकतोय. पुढं काय?

त्याला खाली घेणं ही मिनिटांची गोष्ट आहे. न हलता लटकत राहिलं तर पायात रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. शुद्धीत असेल तर पाय हलवत राहायला सांगा, पाय टेकवायला दोरीचा फास असेल तर तो वापरू द्या. शिडी, बूम लिफ्ट, क्रेनची बास्केट, यांपैकी काय आणि कोण आणणार हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. खाली घेतल्यावर १०८ ला फोन करा. तो ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी डॉक्टरकडं न्यायचं.

कायद्यात हे सगळं आहे का?

फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम ३२ मध्ये, माणूस पडू शकेल अशा उंचीवर काम असेल तर कठडा किंवा अन्य उपायानं त्याची सुरक्षा करायची जबाबदारी घातली होती. बांधकामासाठी १९९६ चा कायदा आला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही सामावले आहेत. ‘कठडा’ हा शब्द आधी आहे हे लक्षात घ्या. कठडा, परांची किंवा खालूनच करता येणारं काम शक्य असेल तर ते पहिलं, हार्नेस त्यानंतर. ठेकेदाराची माणसं असली तरी जागा तुमची असेल तर हात झटकता येत नाहीत, त्यामुळं ठेकेदारानं आणलेले हार्नेसही गेटवरच उघडून बघा आणि आपल्या रजिस्टरात घ्या.